ऐतिह्य आणि आप्तवाक्य: इतिहासशिक्षकासमोरचा बातम्यांचा ओघ

इतिहासाच्या अध्यापनात मुरलेला शिक्षक ऑनलाइन बातम्यांच्या फीडकडे पहिल्यांदा वळतो, तेव्हा त्याला त्या बातम्यांच्या संख्येचे फारसे नवल वाटत नाही, कारण कागदांच्या ढिगाऱ्यातून वाट काढणे हे त्याचे रोजचेच काम असते. त्याला खटकते ती त्या बातम्यांची कालाविषयीची वृत्ती. फीड म्हणजे ठिकठिकाणी प्रसिद्ध होणारा मजकूर एकाच पडद्यावर एकाखाली एक आणून ठेवणारी, बोट फिरवताच पुढे सरकणारी आणि तत्त्वतः कधीही न संपणारी मांडणी. तिच्यातील प्रत्येक बातमीवर वेळेची खूण असते. परंतु ती बहुधा तारीख नसते, तर ‘३ तासांपूर्वी’ किंवा ‘काल’ अशा स्वरूपाची असते. हा तपशील वरवर किरकोळ दिसला, तरी इतिहास आणि वृत्त यांच्यातील नात्याविषयीचा एक जुना तात्त्विक प्रश्न त्यातूनच उभा राहतो: ज्याचा वक्ता ठाऊक नाही आणि ज्याचा काळ निश्चित नाही, असे विधान ज्ञान या पदवीला पात्र ठरते काय, आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्याची जबाबदारी कोणती?

पेशवाईतील मोडी पत्रे वाचण्याची सवय असलेल्या अभ्यासकाला एका पत्रावर दोन तारखा शोधण्याचे वळण लागलेले असते. पत्र लिहिणारा ‘छ’ या अक्षरापुढे चांद्रमासाची तारीख घालतो, आणि पत्र ज्याच्या हाती पडते त्याच्याकडे पैवस्तीची, म्हणजे पत्र पोहोचल्याची, तारीख नोंदवली जाते. या दोन तारखांमधले अंतर हाच कित्येकदा इतिहासकाराचा खरा विषय असतो. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी माळव्यात होते आणि तेथे त्यांच्या हाती एका सावकारी पत्रातून जी वार्ता आली, तिच्यात माणसांची हानी मोती, मोहरा आणि नाणी यांच्या सांकेतिक भाषेत सांगितलेली होती. लढाईचा दिवस आणि ते पत्र हाती पडल्याचा दिवस यांच्या दरम्यान पेशव्यांनी जे बेत केले, ते एका अशा जगाला धरून केलेले होते जे तोवर नष्ट झाले होते. लिहिल्याची आणि पोहोचल्याची अशा दोन्ही तारखा हाती असल्या, तरच कोणाला काय केव्हा ठाऊक होते हे सांगता येते आणि त्या माणसाच्या निर्णयांचा न्याय्य विचार करता येतो.

फीडमधील ‘३ तासांपूर्वी’ ही खूण या दोन्ही तारखांहून मूलतः वेगळी आहे. तिचे मोजमाप घटनेपासून सुरू होत नाही आणि पत्रलेखकापासूनही नाही. ते वाचकाच्या या क्षणापासून उलट दिशेने होते, आणि म्हणून तीच बातमी दुसऱ्या दिवशी उघडली की तिची खूणही बदललेली असते. कालगणनेला शक, शुहूर सन, हिजरी किंवा इसवी असा एखादा आरंभबिंदू लागतो आणि तो सर्वांना समान असावा लागतो, कारण त्याशिवाय दोन माणसांना एका घटनेविषयी बोलताच येत नाही. फीडमध्ये हा आरंभबिंदू प्रत्येक वाचक स्वतःच होतो. संत ऑगस्टीन याने आपल्या आत्मनिवेदनाच्या अकराव्या खंडात कालाची मीमांसा करताना असे प्रतिपादन केले की भूत, वर्तमान आणि भविष्य हे तिन्ही मनातच स्मरण, अवधान आणि अपेक्षा या रूपांनी वर्तमान असतात. त्याची परिभाषा स्वीकारली, तर फीड या तिहींपैकी केवळ अवधानालाच आवाहन करते आणि स्मरणाला वाव ठेवत नाही, असे म्हणावे लागते. सकाळी पाहिलेला मजकूर संध्याकाळी त्याच जागी सापडेल याची हमी त्यात नसते, आणि जे पुन्हा तपासता येत नाही ते साधन म्हणून वापरायचे कसे, ही इतिहासशिक्षकाची पहिली आणि अगदी रास्त अडचण ठरते.

ही मांडणी आरंभापासून अशीच नव्हती. १९९९ साली नेटस्केप कंपनीने आरएसएस नावाची जी पद्धत आणली, तिच्यात वाचक स्वतः संकेतस्थळे निवडत असे आणि त्यांवरचा नवा मजकूर प्रसिद्धीच्या क्रमाने त्याच्यापुढे येत असे. म्हणजे निवड वाचकाची आणि क्रम कालाचा, ही दोन्ही तत्त्वे तीत शाबूत होती. ५ सप्टेंबर २००६ रोजी फेसबुकने न्यूज फीड सुरू केले, आणि त्या कामात अग्रभागी असलेल्या अभियंत्या रुची संघवी या मूळच्या पुण्याच्या होत्या. त्यानंतरच्या दशकात फेसबुक, ट्विटर यांसारख्या सेवांमध्ये काळाचा क्रम मागे पडत गेला आणि वाचक कशावर थांबेल, कशाला प्रतिसाद देईल याचा अंदाज बांधून क्रम ठरवणारी गणिती पद्धत, जिला अल्गोरिदम म्हणतात, तिने त्याची जागा घेतली. येथे एक आक्षेप घेतला जातो की निवड तर इतिहासकारही करतो आणि संपादकही करतो. तो आक्षेप खरा आहे, परंतु तो पुरेसा नाही. ई. एच. कार यांनी १९६१ साली इतिहासाच्या स्वरूपाविषयीच्या आपल्या व्याख्यानांत इतिहासकाराच्या निवडीवर भर दिला, तो वाचकाने प्रथम इतिहासकार तपासावा म्हणूनच. आणि ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले तेव्हा त्यातील निवड कोणाची, हे वाचकाला विचारता येत होते. फीडमधील निवडीला असा जाब देणारा कोणी नसतो, आणि शेजारच्या वाचकासमोर तीच निवड असते असेही नाही.

हा प्रश्न भारतीय तर्कशास्त्राच्या परिभाषेत मांडला तर अधिक स्वच्छ दिसतो. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही ४ प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, मानली. त्यांपैकी शब्द म्हणजे कोणाचेही बोलणे नव्हे, तर आप्ताचे सांगणे. आणि आप्त कोण, याचे उत्तर देताना भाष्यकार वात्स्यायनांनी दोन अटी सांगितल्या, त्या अशा की वक्त्याला त्या विषयाचे साक्षात ज्ञान असावे आणि जसे जाणले तसे सांगण्याची त्याची इच्छा असावी. या व्याख्येतील उदारता लक्षात घेण्याजोगी आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असे भाष्यकार स्पष्ट म्हणतात. म्हणजे आप्तत्व जन्मावर किंवा पदावर अवलंबून नसून ज्ञान आणि प्रामाणिकपणा यांवर अवलंबून आहे. वैशेषिकांनी आणि बौद्ध तार्किकांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाण न मानता त्याचा अंतर्भाव अनुमानात केला, पण त्यांच्याही मते वक्त्याच्या विश्वसनीयतेवरूनच ते अनुमान निघते. मतभेद प्रमाणांच्या वर्गवारीचा आहे. वक्ता ठाऊक असला पाहिजे, याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

याच न्यायपरंपरेत ऐतिह्य नावाच्या आणखी एका प्रकाराची चर्चा येते. ऐतिह्य म्हणजे ‘असे म्हणतात’ या स्वरूपाने पिढ्यानुपिढ्या चालत आलेले, पण ज्याचा मूळ वक्ता निर्दिष्ट नाही असे सांगणे. अमुक वडावर यक्ष राहतो ही समजूत हे त्याचे ठरलेले उदाहरण. नैयायिकांनी ऐतिह्याला वेगळे प्रमाण मानले नाही. ते शब्दातच मोडते असे त्यांचे म्हणणे, आणि त्याचा अर्थ असा की त्याला प्रामाण्य हवे असेल तर त्यानेही आप्ताच्या कसोटीला उतरले पाहिजे. फीडमधील बातमीची प्रकृती पाहता ती आप्तवाक्याच्या वेषातले ऐतिह्य आहे, असे म्हणणे अवाजवी होणार नाही. तिच्यावर नाव असते, परंतु ते पुष्कळदा ती पुढे पाठवणाऱ्याचे असते. पाठवणारा भाऊ, मामा किंवा जुना सहकारी असतो आणि त्याच्याविषयीचा जिव्हाळा नकळत मजकुराच्या सत्यतेकडे वळवला जातो. आपल्या माणसाला बातमीतील विषयाचे साक्षात ज्ञान असेलच असे नाही, त्यामुळे वात्स्यायनांच्या दोन अटींपैकी पहिली तेथे पुरी होत नाही, आणि दुसरी पुरी झाल्याच्या समाधानात पहिलीचा विसर पडतो.

मधल्या मुखांचा हिशेब ठेवणाऱ्या परंपरा जगात झालेल्या आहेत. पैगंबर महंमदांच्या उक्ती आणि कृती यांविषयीचे वृत्तांत, म्हणजे हदीस, जमवताना मुस्लिम विद्वानांनी प्रत्येक वृत्तांतामागे कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी जोडली; तिला इस्नाद म्हणतात, आणि त्या साखळीतील माणसांचे चारित्र्य, स्मरणशक्ती आणि परस्परांशी भेट झाल्याची शक्यता तपासणारे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. साखळीत एक दुवा अज्ञात निघाला तर वृत्तांताचा दर्जा खाली येत असे. पुढे चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने या पद्धतीला एक महत्त्वाची पुरवणी जोडली: सांगणारे कितीही सज्जन असले, तरी सांगितलेली गोष्ट मानवी समाजाच्या स्वभावाशी आणि शक्यतेशी जुळते की नाही हे इतिहासकाराने आधी पाहावे. राज्यकारभारातही हीच सावधगिरी होती. मोगल सुभ्यांत वाकियानवीस उघडपणे बातमीपत्रे लिहीत आणि खुफियानवीस त्यांच्या नकळत स्वतंत्र वृत्त धाडीत, ज्यायोगे दरबाराला एका घटनेची दोन कथने ताडून पाहता येत. फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तो पुढे पाठवलेला आहे एवढी खूण असते. पाठवणाऱ्यांची साखळी मात्र पुसलेली असते.

विधानाचा वक्ता हरवणे हा एक भाग झाला. विधानाची सीमा हरवणे हा दुसरा भाग असून तो अधिक सूक्ष्म आहे. वाक्यातून अर्थबोध होण्यासाठी भारतीय शाब्दबोधविचारात आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या अटी मानल्या जातात. आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्या पदाची असलेली अपेक्षा, योग्यता म्हणजे त्यांच्या अर्थांचा परस्परांशी विरोध नसणे, आणि संनिधी म्हणजे ती पदे विनाविलंब एकामागोमाग येणे. फीडमध्ये संनिधी सदैव असते, पण ती अर्थावरून ठरलेली नसते. दूरच्या देशातील पुराचे दृश्य, त्याखाली एका मंत्र्याचे भाषण आणि त्याखाली एका जमावाचे चित्र अशी तीन पदे लागोपाठ आली की मन सवयीने त्यांचे एक वाक्य करते, आणि जे कोणीही उच्चारलेले नाही असे विधान वाचकाच्या ठायी सिद्ध होते. त्या विधानाबद्दल दोष कोणाला द्यावा, हे सांगता येत नाही. कारण प्रत्येक घटक आपापल्या जागी खरा असू शकतो.

आकांक्षा अपुरी ठेवल्याने काय होते, याचे उदाहरण २०१८ साली भारताने पाहिले. कराचीत मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात आणि लगेच परत आणून सोडतात, मग मूल पळवणे किती सोपे आहे असा इशारा देणारा फलक दाखवतात. हा शेवटचा भाग कापून उरलेली फीत मोबाइलवरून देशभर फिरली. त्या वर्षी मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा गावोगाव पसरल्या होत्या; त्याच वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना जमावाने ठार मारले. भिक्षेकरी गावात येतो, ओळख सांगतो आणि गाव त्याला ओळखते, हा महाराष्ट्रातला पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार होता. तो व्यवहार हेसुद्धा एक प्रमाणच होते, आणि ज्या दिवशी पडद्यावरचे ऐतिह्य त्याहून प्रबळ ठरले त्या दिवशी ५ माणसे मेली. ज्ञानमीमांसेचा प्रश्न हा केवळ पंडितांच्या वादाचा विषय नाही, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

असत्य वार्ता का पटते, याविषयी सर्वांत मार्मिक चिंतन एका इतिहासशिक्षकाचेच आहे. मार्क ब्लॉक हे पहिल्या महायुद्धापूर्वी माँपेलिए आणि आम्यां येथील शाळांत इतिहास शिकवीत होते. युद्धात त्यांनी फ्रेंच सैन्यात काम केले आणि १९२१ साली युद्धातील खोट्या बातम्यांवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी स्वतः पाहिलेली एक घटना दिली आहे. १९१७ साली ब्रेन या गावाजवळच्या आघाडीवर एक जर्मन सैनिक पकडला गेला. तो मूळचा ब्रेमेन शहरातला व्यापारी होता. ब्रेमेनचे फ्रेंच नाव आणि जवळच्या त्या गावाचे नाव कानाला सारखे वाटल्याने थोड्याच वेळात अशी वदंता उठली की हा माणूस युद्धापूर्वी त्याच गावात दुकान थाटून हेरगिरी करीत होता. ब्लॉक यांचा निष्कर्ष असा की ऐकण्यातली चूक हे केवळ निमित्त होते. जर्मन हेर सर्वत्र पेरलेले आहेत ही समजूत लोकांच्या मनात आधीच तयार होती आणि चुकीच्या शब्दाला तिच्यातच आकार मिळाला. सेन्सॉरमुळे छापील मजकुरावरचा विश्वास उडाल्याने सैनिक पुन्हा तोंडी वार्तांकडे वळले आणि आघाडीमागचे भटारखाने ही त्या वार्ता मिसळण्याची ठिकाणे झाली, असेही त्यांनी नोंदवले आहे.

मराठ्यांच्या इतिहासात या निष्कर्षाला पुष्टी देणारे प्रकरण म्हणजे भाऊसाहेबांचा तोतया. सदाशिवरावभाऊ पानिपतात पडले यावर अनेकांचा विश्वास बसेना, आणि ते जिवंत असावेत ही इच्छा इतकी उत्कट होती की पुढे भाऊ म्हणवणाऱ्या एका माणसाभोवती लोक जमले; १७७६ साली कैदेतून सुटल्यावर त्याने कोकणात मोठेच बंड उभारले आणि अखेर पुण्यात चौकशी होऊन त्याला देहांताची शिक्षा झाली. त्याला मानणारे सगळेच मूर्ख किंवा लबाड होते असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांच्या दुःखाने एका वार्तेसाठी मनात जागा करून ठेवली होती, आणि वार्ता त्या जागेत येऊन बसली. फीडच्या गणिताची विशेष भीती वाटावी ती येथे, कारण मनातील अशा रिकाम्या जागा हुडकून त्यांच्या मापाचा मजकूर पुढे करणे हेच त्या गणिताचे काम आहे, आणि ते काम ते सत्यासत्याचा विचार न करता करते.

मग विश्वास ठेवणाऱ्याचा दोष किती? कुमारिल भट्टांच्या मीमांसेने स्वतःप्रामाण्याचा सिद्धांत मांडला, म्हणजे ज्ञान उत्पन्न होताच ते खरे मानले जाते आणि पुढे बाधक ज्ञान आले किंवा कारणात दोष आढळला तरच ते सोडले जाते. नैयायिकांनी परतःप्रामाण्य मांडले: ज्ञान खरे आहे हे दुसऱ्या कशावरून तरी, मुख्यतः त्यावर आधारलेली कृती सफल होण्यावरून, ठरते; दुरून दिसलेले पाणी खरे की मृगजळ, हे जवळ जाऊन तहान भागल्यावर कळते. मन प्रत्यक्षात कसे वागते याचे वर्णन म्हणून मीमांसकांचे मत अधिक यथार्थ वाटते, कारण प्रत्येक ऐकलेल्या गोष्टीवर शंका घेत कोणीही एक दिवससुद्धा जगू शकत नाही. परंतु मीमांसकांचा तोल बाधक ज्ञान वेळेवर येण्यावर अवलंबून आहे, आणि फीडमध्ये नेमके तेच घडत नाही. चुकीची बातमी ज्या वाटांनी गेली त्या वाटांनी तिचे खंडन जात नाही, कारण खंडनाला तेवढा प्रतिसाद मिळत नाही. नैयायिकांची कसोटीही राईनपाड्यासारख्या प्रसंगी निकामी होते, कारण तेथे कृती हीच अपरिवर्तनीय असते. डब्ल्यू. के. क्लिफर्ड यांनी १८७७ साली विश्वासाच्या नीतीवर लिहिताना अशा जहाजमालकाचे उदाहरण घेतले जो आपले जुने जहाज सुरक्षित आहे अशी स्वतःची समजूत घालून प्रवाशांना समुद्रावर पाठवतो. त्यांच्या मते जहाज सुखरूप पोहोचले असते तरीही तो दोषीच ठरला असता, कारण तसा विश्वास बाळगण्याचा अधिकार त्याने चौकशी करून मिळवलेला नव्हता. हे मत सरसकट लावले तर फार कठोर होते, तथापि बातमी पुढे पाठवण्याच्या कृतीला ते लावण्यात काहीच अतिरेक नाही: मनात विश्वास उत्पन्न होणे माणसाच्या हाती नसेल, पण संदेश पुढे ढकलणे पूर्णपणे त्याच्या हाती असते.

या सर्व टीकेतून फीड हे निव्वळ अनिष्ट आहे असा निष्कर्ष काढणे मात्र इतिहासशिक्षकाला शोभणार नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हा घराघरांतील दप्तरे उघडली गेली. पण ज्यांच्या घरी दप्तरच नव्हते त्यांचे शब्द त्यांतही फार थोडे सापडतात. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ हे सारखेच आप्त होऊ शकतात हे तत्त्व शास्त्रात होते, तरी शेतमजूर बाईने पाहिलेला दुष्काळ तिच्याच शब्दांत नोंदवण्याची सोय कोणत्याही दप्तराने केली नाही. आज एखाद्या पाड्यावरील मुलगी आपल्या गावच्या कोरड्या विहिरीचे चित्र तारखेसह जगापुढे ठेवू शकते, आणि तिला विषयाचे साक्षात ज्ञान असते आणि ते जसेच्या तसे सांगण्याची इच्छाही असते. शास्त्राच्या अर्थाने ती आप्त आहे. दुर्दैव असे की तिचे चित्र आणि बनावट चित्र एकाच आकाराच्या चौकटीत, एकाच ‘३ तासांपूर्वी’च्या खुणेसह समोर येतात.

तेव्हा वर्गात शिकवण्याजोगी गोष्ट संशय ही नसून साक्षीदाराची ओळख ही आहे. बातमी समोर येताच हे कोणी पाहिले, त्याने ते कधी आणि कोणाला सांगितले, आपल्यापर्यंत ते कोणाकडून आले आणि अलीकडे-पलीकडे काय कापले गेले, असे विचारणे म्हणजे पैवस्तीची तारीख स्वतः लिहिणे होय. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ते जमते, कारण घरातल्या भांडणात कोण काय आणि केव्हा म्हणाले याचा काटेकोर हिशेब ती रोज ठेवीत असतात.

एक अडचण मात्र वर्गात सुटणारी नाही. पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले राहिले, म्हणून गो. स. सरदेसाई यांना १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित करता आले. फीडमधील सुटे मजकूर कदाचित कोठेतरी टिकतील. परंतु अमुक दिवशी सकाळी अमुक माणसापुढे कोणता मजकूर कोणत्या मजकुराखाली आला होता, म्हणजे ज्या संनिधीतून त्याच्या मनात ते कोणीही न उच्चारलेले वाक्य तयार झाले ती संनिधी, वाचकाच्या हाती राहत नाही, आणि तिची नोंद कंपनीच्या यंत्रांत काही काळ असली तरी ती अभ्यासकाला खुली नसते. २०१८ च्या त्या दिवसांत साक्री तालुक्यातील माणसांनी आपापल्या हातातील पडद्यावर काय वाचले आणि कोणत्या क्रमाने वाचले, हे उद्याच्या इतिहासकाराला लोकांच्या जबान्यांवरून आणि जप्त झालेल्या फोनांवरून तुकड्या-तुकड्यांनी जुळवावे लागेल.